मदरशातला माग

२८ जून १९२६ रोजी पश्चिम सुमात्रातील पादांग पांजांग हे डोंगरकुशीतले गाव भूकंपाने मुळापासून हादरले. मारापी, सिंगालांग आणि तांडिकाट या तीन ज्वालामुखी पर्वतांच्या मधोमध वसलेल्या या गावाला धक्क्यांची सवय होती; परंतु त्या दिवशीचा धक्का निराळाच होता. त्या परिसरात तीनशेहून अधिक माणसे दगावली. घरे, मशिदी, रेल्वेच्या कचेऱ्या जमीनदोस्त झाल्या आणि त्यांच्यासोबत मुलींची एक शाळाही कोसळली. शाळा उघडून तीन वर्षेही पूर्ण झाली नव्हती. तिची इमारत आणि वसतिगृह लोकांच्या देणग्यांतून नुकतेच उभे राहिले होते. एका तरुण शिक्षिकेचा त्या ढिगाऱ्याखाली अंत झाला. मुली आपापल्या गावी परतल्या. शाळेची संस्थापिका तेव्हा पंचवीस वर्षांची होती, घटस्फोटित होती, आणि तिला पाठबळ देणारा थोरला भाऊ दोन वर्षांपूर्वीच वारला होता.

अशा वेळी शाळा संपली असे कोणीही मानले असते. पादांग पांजांगमधील अनेकांनी ते मानलेही. पण काही आठवड्यांतच बांबूच्या भिंती आणि गवताचे छप्पर यांखाली वर्ग पुन्हा भरू लागले, आणि ही तरुणी देणग्या गोळा करण्यासाठी उत्तर सुमात्रा आणि आचेच्या दिशेने बाहेर पडली. तिचे नाव रहमा एल युनुसिया. १० नोव्हेंबर २०२५ रोजी इंडोनेशिया सरकारने ज्या दहा जणांना राष्ट्रवीर हा सर्वोच्च मान दिला, त्यांत हे नाव होते. मृत्यूनंतर छप्पन्न वर्षांनी.

इंडोनेशियातील निवासी धर्मशाळांना जावा बेटावर पेसांत्रेन म्हणतात. तेथे राहून शिकणारे विद्यार्थी ते सांत्री. आज त्या देशात अशा हजारो शाळा आहेत. कुराण-हदीसच्या जोडीला शिवण, विणकाम, बाटिक, सुतारकाम, शेती, बेकरी असे काही ना काही शिकवावे आणि विद्यार्थ्याला चार पैसे कमावण्याचा मार्ग दाखवावा, यासाठी सरकारी योजना चालतात. २०१९ च्या पेसांत्रेन कायद्याने तर शिक्षण आणि धर्मप्रसार यांच्या बरोबरीने समाजाला सक्षम करणे हेही या शाळांचे काम म्हणून नोंदले आहे. ही कल्पना आजकालची, विकासाच्या परिभाषेतून आलेली, असे आपल्याला वाटते. पण डच राजवटीत, कोणतीही सरकारी योजना हाताशी नसताना, उलट सरकारची मदत नाकारून, मुलींच्या मदरशात माग आणून बसवणारी एक बाई होऊन गेली. तिची गोष्ट म्हणूनच मुळापासून सांगायला हवी.

रहमा यांचा जन्म १९०० साली पादांग पांजांगला झाला. पाच भावंडांत त्या सर्वांत धाकट्या. वडील शेख मुहम्मद युनुस हे पांडाई सिकेक गावचे काझी होते. पांडाई सिकेक हे नाव लक्षात ठेवण्याजोगे आहे. सिंगालांग पर्वताच्या पायथ्याशी, पादांग पांजांगहून बुकिटिंगीकडे जाताना लागणारे हे गाव जरीच्या विणकामासाठी आणि लाकडी कोरीवकामासाठी संपूर्ण सुमात्रात नावाजलेले आहे. येथील सोंगकेट वस्त्रात सोनेरी-रुपेरी जर बाण्यात गुंफली जाते; एकेका वस्त्राला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. इंडोनेशियात २००१ साली निघालेल्या पाच हजार रुपियाच्या नोटेवर मागच्या बाजूला पांडाई सिकेकची विणकर स्त्री मागावर बसलेली दिसते. मलाक्काच्या सामुद्रधुनीतून शतकानुशतके भारतीय कापड या बेटांवर येत असे. पुढे बडोदे संस्थानात असलेल्या पाटणची पटोळी तर तेथे वंशपरंपरेने जपली जात. सुमात्राच्या लोकांना वस्त्राचे मोल कोणी शिकवण्याची गरज नव्हती. आणि माग हा तेथे बायकांचा होता.

मिनांगकाबाऊ समाजाची घडण समजून घेतल्याशिवाय रहमा यांचे काम नीट कळत नाही. हा समाज कट्टर मुस्लिम आणि तरीही मातृवंशीय. घर आणि भातशेती आईकडून मुलीकडे जाते. नवरा हा पत्नीच्या घरी एक प्रकारे पाहुणाच. मुलगा वयात येऊ लागला की तो घरी झोपत नसे. गावच्या सुराऊमध्ये, म्हणजे प्रार्थना आणि अध्ययन यांच्या सामायिक घरात, तो इतर मुलांसोबत राहत असे. तेथेच कुराण, तेथेच आखाडा, तेथेच जगाच्या गोष्टी. मग मोठा झाला की नशीब काढायला परमुलखात जायचे. या प्रथेला ते मेरांताऊ म्हणतात. मुलग्यांसाठी निवासी शाळा समाजाने अशी आपसूकच निर्माण केली होती. मुलीसाठी असे काही नव्हते. ती घराची मालकीण होती, पण तिला लिहिता-वाचता येत नव्हते. शेतीची वारस होती, पण रोख पैसा तिच्या हाती नव्हता. मामा आणि भाऊ कारभार पाहत. पंधराव्या-सोळाव्या वर्षी तिचे लग्न होई, आणि पुरुषांनी अनेक विवाह करून सहज तलाक देणे हे तर नित्याचेच होते.

रहमा लहान असतानाच वडील गेले. आई आणि मोठे भाऊ यांनी त्यांना वाढवले. अक्षरओळख भावांकडूनच झाली. थोरले भाऊ झैनुद्दीन लबाय हे स्वतःच्या हिमतीवर अनेक भाषा शिकलेले, नियतकालिके चालवणारे सुधारक होते. त्यांनी १९१५ साली पादांग पांजांगला दिनिया स्कूल उघडले. त्यात बाके होती, फळा होता, इयत्ता होत्या, आणि मुलगे-मुली एकत्र बसत. त्या काळात यातली प्रत्येक गोष्ट वादाची होती. रहमा याच शाळेत शिकू लागल्या. वयाच्या सोळाव्या वर्षी त्यांचे लग्न एका तरुण धर्मपंडिताशी लावण्यात आले. हा संसार सहा वर्षे चालला. १९२२ मध्ये तो मोडला. मूलबाळ नव्हते. रहमा यांनी पुन्हा लग्न केले नाही.

घटस्फोटानंतर बावीस वर्षांची ही मुलगी पुन्हा शाळेच्या बाकावर बसली, ही गोष्ट चरित्रकार एका ओळीत सांगून पुढे जातात. मला मात्र तेथे थांबावेसे वाटते. मिश्र वर्गात पुरुष शिक्षकासमोर बसल्यावर मुली काही प्रश्न विचारू शकत नाहीत, हे रहमा यांच्या ध्यानात आले. विटाळ, गर्भारपण, पत्नीचे हक्क, तलाक, इद्दत. धर्मशास्त्रात या सर्वांची सविस्तर चर्चा आहे, आणि ज्यांच्या शरीराशी व आयुष्याशी ती निगडित आहे त्याच माना खाली घालून गप्प बसलेल्या. स्वतःच्या आयुष्यात या विषयांचा अनुभव घेऊन आलेल्या रहमा यांना हे मौन सोसले नाही. काही मैत्रिणींना सोबत घेऊन त्या हाजी अब्दुल करीम अमरुल्ला यांच्याकडे स्वतंत्रपणे शिकू लागल्या. हाजी रसूल या नावाने ओळखले जाणारे हे करड्या स्वभावाचे विद्वान म्हणजे पुढे कादंबरीकार व धर्मपंडित म्हणून गाजलेल्या हमका यांचे वडील. त्यांच्याकडे स्त्रियांनी असे धडे घेणे हीच मोठी नवलाई होती.

१ नोव्हेंबर १९२३ रोजी पादांग पांजांगच्या पासार उसांग मशिदीत रहमा यांनी मुलींचा मदरसा सुरू केला. पहिल्या दिवशी एकाहत्तर विद्यार्थिनी होत्या. त्यांतल्या कितीतरी संसार असलेल्या तरुण स्त्रिया होत्या. सगळ्या जमिनीवर गोलाकार बसत. गावात कुजबूज झाली, टिंगल झाली; बायकांनी शिक्षिका व्हायचे, मग चुलीपाशी कोण, असे टोमणे आले. रहमा यांनी उत्तर दिल्याचे कोठे आढळत नाही. दुसऱ्या वर्षी झैनुद्दीन वारले. तिसऱ्या वर्षी भूकंप झाला.

भूकंपानंतरच्या दौऱ्याने रहमा यांना एक गोष्ट शिकवली असावी, असे त्यांच्या पुढील आयुष्याकडे पाहून म्हणावेसे वाटते. देणगी मागायला दारोदार हिंडणाऱ्याला देणाऱ्याचा स्वभाव कळतो. कोणी अल्लाच्या नावाने देतो आणि विसरतो, कोणी देताना अट घालतो. नवी इमारत उभी राहू लागताच अटी घालणारे आले. डच सरकारने अनुदान देऊ केले. ते घेतले असते तर अभ्यासक्रमावर सरकारची नजर आली असती. रहमा यांनी ते नाकारले. पुढे मुस्लिम राजकीय पक्षांनी शाळेला आपल्या छत्राखाली घेऊ पाहिले, त्यांनाही नकार मिळाला. विशेष म्हणजे सुधारक पुरुषांनी सर्व इस्लामी शाळांची एक मोट बांधण्याचा विचार मांडला, तेव्हाही रहमा बाजूलाच राहिल्या. मुलींची शाळा स्त्रियांनीच चालवावी, यावर त्या ठाम होत्या. मग पैसा कोठून आणायचा? फी आणि लोकवर्गणी. आणि हातांचे काम.

मदरशातल्या मागाचा उगम येथे आहे. १९३० च्या दशकात शाळेच्या शिक्षणक्रमात विणकाम आले. त्याच्या जोडीला शिवण, भरतकाम, स्वयंपाक आणि घरगुती हिशेब होते. मुली सकाळी अरबी व्याकरण आणि कुराणाचे भाष्य शिकत, आणि त्याच मुली मागाचे तंत्र शिकत. यात काय मोठे, असे वाचकाला वाटेल. पण विणकाम म्हणजे काय हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ठाऊक आहे की, धोटा फेकणे हा त्यातला शेवटचा आणि सोपा भाग. त्याआधी सूत निवडायचे, रंगवायचे, कांड्या भरायच्या, ताणा मोजून लावायचा, फणीतून एकेक धागा ओवायचा. एक धागा चुकला तर ती चूक कापडाच्या शेवटपर्यंत सोबत येते. ताण्याला किती सूत लागेल, त्याचा भाव काय, किती दिवस हात गुंतेल आणि कापड किती किमतीला जाईल, हे गणित आल्याशिवाय विणकर जगत नाही. माग म्हणजे अंकगणिताचा आणि धीराचा वर्ग. पांडाई सिकेकच्या काझीच्या मुलीला हे वेगळे सांगावे लागले नसणार.

काळही तसा होता. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत रबर आणि कॉफीचे भाव कोसळले. परमुलखात गेलेल्या पुरुषांकडून घरी येणारा पैसा आटला. बाजारात स्वस्त जपानी कापडाचा पूर आला. त्याच सुमारास इंडोनेशियाच्या राष्ट्रवादी चळवळीत स्वदेशी हा शब्द जसाच्या तसा भारतातून जाऊन रुजला. तरुण सुकार्नो यांनी १९३२ साली स्वदेशीवर दीर्घ लेखन केले, आणि जावातील कार्यकर्ते हातमागाचे पट्ट्यापट्ट्यांचे लुरिक कापड मिरवू लागले. लोकमान्यांच्या चतुःसूत्रीतला शब्द मलाय भाषेत असा वावरत होता. बांडुंगच्या वस्त्रसंस्थेने तयार केलेल्या सुधारित हातमागामुळे त्या दशकात गावोगावचे विणकाम पुन्हा जोर धरू लागले होते. पादांग पांजांगच्या शाळेतला माग या सर्व हवेत श्वास घेत होता.

रहमा यांची आणखी एक सवय लक्षणीय होती. जे शिकवायचे ते आधी स्वतः शिकायचे. विणकाम, शिवण, पाककला त्यांनी मेहनत करून आत्मसात केली. व्यायाम शिकवायचा तर गावातल्या सरकारी मुलींच्या शाळेतील युरोपीय शिक्षिकेकडे जाऊन त्यांनी कवायतीचे धडे घेतले. वयाच्या तिशीत त्यांनी प्रसूतिशास्त्राचे प्रशिक्षण घेतले, कायुतानमच्या रुग्णालयात जाऊन अनुभव मिळवला आणि सुईणीचा परवाना काढला. मदरशाची संचालिका आणि गावची सुईण या दोन भूमिका एकाच बाईने निभावणे आपल्याला चमत्कारिक वाटते. पण ज्या समाजात बाळंतपणात स्त्रिया हकनाक मरत होत्या, तेथे हदीस सांगणाऱ्या बाईला नाळ कापता येणे हे तिच्या शब्दाला वजन देणारे होते. साधारण याच काळाच्या थोडे आधी पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनात विधवा आणि परित्यक्ता शिवणकाम व परिचर्या शिकत होत्या. या दोन बायकांनी एकमेकींची नावे ऐकली असण्याचा संभव नाही. अडचण तीच होती, म्हणून वाट तीच निघाली.

शाळेने आणखी एक वर्ग काढला होता. त्याचे नाव मेन्येसाल स्कूल. मेन्येसाल म्हणजे पश्चात्ताप होणे, हळहळणे. लहानपणी शिकायला न मिळाल्याची हळहळ वाटणाऱ्या प्रौढ, निरक्षर स्त्रियांसाठी तो होता. शाळेला असे नाव देण्याचे धाडस आजच्या एखाद्या योजनेत कोणी करणार नाही. आजचे अधिकारी काहीतरी उजळ, उत्साही नाव शोधतील. पण त्या बायकांना ते नाव समजले आणि त्या आल्या.

आता त्या वादाकडे वळले पाहिजे, ज्याने रहमा यांच्या कार्यावर कायमची एक सावली टाकली. रसुना सईद ही तल्लख मुलगी प्रथम या शाळेची विद्यार्थिनी होती, नंतर तेथेच शिक्षिका झाली. वयाने रहमा यांच्याहून दहा वर्षांनी लहान. तिचे म्हणणे होते की देश गुलामगिरीत असताना मुलींना राजकारण शिकवलेच पाहिजे. वर्गातच शिकवले पाहिजे. रहमा यांचे म्हणणे होते की मुलींना प्रथम धर्म नीट कळू द्या, हाताला कौशल्य येऊ द्या, पायावर उभे राहू द्या. राजकारण त्या मग स्वतः ठरवतील. वाद गावच्या ज्येष्ठांपर्यंत गेला. १९३० च्या सुमारास रसुना यांनी शाळा सोडली. १९३२ मध्ये जहाल भाषणाबद्दल डचांनी त्यांना तुरुंगात टाकले, आणि त्या देशभर गाजल्या. आज जाकार्तातील एका प्रशस्त राजमार्गाला त्यांचे नाव आहे, आणि राष्ट्रवीर हा मान त्यांना १९७४ सालीच मिळाला. गुरूला तो मिळायला आणखी एक्कावन्न वर्षे लागली.

कोण बरोबर होते? मला वाटते, हा वाद सोडवण्याची घाई करू नये. शिवण-विणकाम शिकवून मुलीला पुन्हा घरातच बसवले जाते, हा आक्षेप तेव्हाही होता, आजही आहे, आणि तो पोकळ नाही. हस्तकलेच्या नावाखाली मुलींच्या हाती सुई देऊन पुस्तक काढून घेतल्याची उदाहरणे आपल्याकडे कमी नाहीत. रहमा यांनी पुस्तक काढून घेतले नाही, हा फरक आहे. १९३७ साली त्यांनी शिक्षिका घडवण्यासाठी तीन वर्षांचे वरिष्ठ विद्यालय काढले. तेथून निघालेल्या मुली सुमात्रात आणि मलायात शाळा चालवू लागल्या. शिवाय त्यांची अराजकीयता ही भित्रेपणाची नव्हती. खाजगी शाळांवर अंकुश ठेवण्यासाठी १९३२ मध्ये डच सरकारने जो वटहुकूम काढला, त्याविरुद्ध पादांग पांजांगमध्ये उभ्या राहिलेल्या समितीचे नेतृत्व रहमा यांनी केले. देशभर विरोध झाल्यावर सरकारला दुसऱ्याच वर्षी माघार घ्यावी लागली. परवानगीशिवाय राजकीय विषयावर सभा भरवल्याबद्दल रहमा यांना त्या काळात शंभर गिल्डरचा दंडही झाला. वर्गात राजकारण नको म्हणणाऱ्या बाईला सरकारने राजकारणासाठीच दंड करावा, यातला विनोद रसुना यांनाही जाणवला असेल.

मुलींनी मग खरोखरच आपापले राजकारण स्वतः ठरवले. मलायातून शिकायला आलेल्या मुलींपैकी आयशा गनी पुढे मलेशियाच्या मंत्रिमंडळात समाजकल्याण मंत्री झाल्या. आणि शम्सिया फकेह ब्रिटिशांविरुद्ध जंगलात लढणाऱ्या कम्युनिस्ट गनिमांच्या नेत्या झाल्या. दोघींनीही पादांग पांजांगच्या त्याच शाळेत धडे गिरवले होते.

१९४२ मध्ये जपानी आले. या साडेतीन वर्षांत रहमा यांच्या शिक्षणपद्धतीची जी परीक्षा झाली, तशी एखाद्याच शिक्षकाच्या वाट्याला येत असेल. आयात बंद पडल्याने कापड दिसेनासे झाले. माणसे पोती कापून अंगाला गुंडाळू लागली. कोठे झाडाच्या सालीची वस्त्रे करण्याची वेळ आली. लाज झाकायला काही नाही म्हणून बायका घराबाहेर पडेनात. रहमा यांनी शाळेतून अन्न आणि कपडे गोळा करून वाटण्याचे काम उभारले. ज्या शाळेत सूत, सुई आणि माग यांचे शिक्षण दिले जात होते, तेथल्या मुलींना या काळात काय करायचे हे कोणी सांगावे लागले नाही. जपानी सैन्यासाठी मिनांगकाबाऊ मुलींना वेश्यागृहांत नेले जाऊ लागले, तेव्हा रहमा आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी अधिकाऱ्यांपुढे जाऊन त्याविरुद्ध आवाज उठवला आणि ती घरे बंद करायला लावली. राजवट संगिनीच्या टोकावर चालत असताना एखाद्या मदरशाच्या मुख्याध्यापिकेने हे करावे, याचे मोजमाप शब्दांत होणार नाही. १९४४ च्या डिसेंबरमध्ये आणि १९४५ च्या मार्चमध्ये पादांग पांजांगजवळ डोंगरातल्या रेल्वेमार्गावर भीषण अपघात झाले, तेव्हा शाळेचे वर्ग रुग्णालय बनले. परिचर्या शिकलेल्या मुलींनी जखमा बांधल्या.

पुढचा भाग इतिहासाच्या पुस्तकांतून सांगितला जातो, म्हणून येथे थोडक्यात. ऑगस्ट १९४५ मध्ये स्वातंत्र्याच्या घोषणेची बातमी कळताच रहमा यांनी शाळेच्या प्रांगणात लाल-पांढरा ध्वज चढवला. पश्चिम सुमात्रात तो सर्वप्रथम फडकवणाऱ्यांत त्यांची गणना होते. नव्या प्रजासत्ताकाच्या सैन्याची स्थानिक तुकडी उभी करण्यात त्यांनी पुढाकार घेतला, आणि शाळेच्या स्वयंपाकघरातून त्या पोरांना जेवण जाऊ लागले. डच परतले तेव्हा रहमा सिंगालांगच्या उतारावर आसऱ्याला गेल्या. जानेवारी १९४९ मध्ये त्या पकडल्या गेल्या आणि काही महिने कैदेत व नजरकैदेत राहिल्या. १९५५ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत माश्युमी पक्षातर्फे त्या संसदेवर निवडून आल्या. १९५८ मध्ये सुमात्रात जाकार्ताविरुद्ध बंड झाले, त्यात त्यांची सहानुभूती बंडखोरांकडे होती. त्या पुन्हा डोंगरात गेल्या आणि संसदेतील त्यांची जागा गेली. राष्ट्रवीर हा मान मिळायला एवढी वर्षे का लागली, याचे एक उत्तर बहुधा या शेवटच्या वाक्यात आहे.

या धामधुमीच्या मध्येच, १९५५ साली, कैरोच्या अल-अझहर विद्यापीठाचे प्रमुख शेख अब्दुर्रहमान ताज हे इंडोनेशियाच्या दौऱ्यावर असताना पादांग पांजांगला आले. अल-अझहर म्हणजे हजार वर्षांची परंपरा असलेले इस्लामी विद्येचे पीठ. पण तेथे स्त्रियांसाठी स्वतंत्र विभाग नव्हता. सुमात्राच्या डोंगरात मुली धर्मशास्त्र, अरबी आणि त्यासोबत हाताची कामे शिकत असलेल्या पाहून पाहुणे विचारात पडले. १९५७ मध्ये रहमा हजला गेल्या तेव्हा त्यांना कैरोला बोलावून अल-अझहरने शेखा ही पदवी दिली. त्यापूर्वी ती कोणत्याही स्त्रीला दिली गेली नव्हती. १९६१ च्या सुधारणेनंतर अल-अझहरमध्येही मुलींचे महाविद्यालय सुरू झाले. हजार वर्षांच्या विद्यापीठाने चौतीस वर्षांच्या शाळेकडून काही घ्यावे, ही घटना इस्लामी जगताच्या कडेला मानल्या जाणाऱ्या मिनांगकाबाऊ लोकांना आजही अभिमानाने सांगावीशी वाटते, आणि ते सांगतातही. पाहुण्याला चहा देण्याआधी सांगतात, असे म्हटले तरी चालेल.

बंडानंतर रहमा परतल्या तेव्हा साठीत होत्या. शाळा विस्कटली होती. ती त्यांनी तिसऱ्यांदा सावरली, भूकंपानंतर आणि युद्धानंतर जशी सावरली होती तशीच. मुलींसाठी बालवर्गापासून विद्यापीठापर्यंत सर्व काही एकाच आवारात असावे, हे त्यांचे जुने स्वप्न होते. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात उच्च शिक्षणाचे वर्ग सुरू झाले, तेव्हा त्याचा आरंभ तरी त्यांना पाहता आला. इमारतीसाठी पैसे कमीच होते. शेवटपर्यंत त्या मदतीसाठी लोकांना भेटत राहिल्या. फरक इतकाच की पूर्वी चालत जाणाऱ्या रहमा आता थकलेल्या होत्या.

२६ फेब्रुवारी १९६९ रोजी पादांग पांजांगला त्यांचे निधन झाले. शाळेच्या शेजारीच कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांना मातीआड करण्यात आले. दिनिया पुत्री आजही चालू आहे. २०२३ मध्ये तिला शंभर वर्षे झाली. देशाच्या दूरदूरच्या बेटांवरून मुली तेथे येऊन राहतात, आणि वर्गाकडे जाता-येता त्यांना ती कबर दिसते.